साबूत कान

कालवड सकाळपासून आडवी पडली होती आणि हार्लन ह्रुश्का तिच्याकडे पाठ करून उभा होता.

"बघू नकोस तिच्याकडे," तो लेकीला म्हणाला. "गाय पडली की पाठ फिरवायची. आपण बघत राहिलो की ती आपल्या भरवशावर पडून राहते."

"बाबा, वासराचे दोन्ही पाय बाहेर आलेत. नाकपण दिसतंय. जीभ सुजून निळी पडलीय त्याची."

"मला दिसत नाही म्हणून सांगतेस होय?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर पडदा येऊन दोन वर्षं झाली होती. काळं काय आणि पांढरं काय एवढंच त्याला कळायचं, पण ते कुणी बोलून दाखवलेलं त्याला खपत नसे. तिनंही पाठ फिरवली. बापलेक शेजारी शेजारी उभे राहून पवनचक्कीकडे बघत राहिले, आणि मागं ती कालवड कण्हत राहिली.

नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांवर मे महिन्यात हवा इतकी गोड असते की माणसाला मरायचीसुद्धा लाज वाटावी. गवत घोट्यापर्यंत आलेलं, पिवळ्या छातीचे पक्षी तारेवर बसून गळा मोकळा करून गातायत, आणि त्या सगळ्यात एक मुकं जनावर कळा देऊन देऊन मरतंय. बऱ्याच वेळानं कण्हणं थांबलं.

"बघ जाऊन," हार्लन म्हणाला.

व्हेर्ना गेली. कालवडीनं मान वाळूत लांब टाकली होती आणि तिच्या डोळ्यावर माशी बसली होती. डोळा मिटत नव्हता.

"गेली."

"वासरू मोठं होतं?"

"मोठं होतं. खांदे अडकले."

"ही कुणाची? काळ्याचीच ना?"

"काळ्याची."

"हं," म्हातारा म्हणाला आणि काठी टेकत पिकअपकडे निघाला. "ओढून टाक खड्ड्यात. दोर नीट गुंडाळून ठेव, मागच्या वेळी तसाच फेकला होतास."

व्हेर्नानं कालवडीच्या मागच्या पायांना दोर बांधला, दुसरं टोक पिकअपला अडकवलं आणि टेकडीमागच्या खड्ड्याकडे ओढत नेली. तिथं आधीच्या दोघी पडल्याच होत्या. त्याही काळ्या वळूच्याच लेकी, आणि त्यांची पोटं कोल्ह्यांनी उघडली होती. तिनं दोर सोडला आणि सांगितल्याप्रमाणे गुंडाळून ठेवला.

ह्रुश्कांच्या कुरणाचा कायदा सगळ्या मुलखाला माहीत होता. गाईला हात लावायचा नाही. तिनं उघड्या गवतावर एकटीनं व्यायचं, एकटीनं वासरू चाटून उभं करायचं, कोल्हा आला तर त्याला लाथाडायचं, पोराला पोटभर पाजायचं आणि उन्हाळा सरायच्या आत पुन्हा गाभण राहायचं. यातलं एक जरी चुकलं तरी सुरीनं तिच्या डाव्या कानाचं टोक उडवायचं. टोक गेलेली गाय पानगळीत कसाईखान्याच्या ट्रकवर चढायची, पोरासकट. मग ती दिसायला कितीही देखणी असो. हार्लननं तरुणपणीच वासरं ओढायचं यंत्र विहिरीत टाकून दिलं होतं. चाळीस वर्षं अशी छाटणी करून उरलेल्या गाई होत्या त्या, आणि लांबलांबचे गाईवाले ह्रुश्काच्या कालवडी मिळाव्यात म्हणून त्याच्या दारात टोप्या हातात घेऊन उभे राहायचे. गाय म्हणजे आई, बाकी सगळं मांस, असं तो म्हणायचा. माणसांच्या बाबतीत त्याचं मत फारसं वेगळं नव्हतं.

आता कंबर गेली, डोळे गेले, तेव्हा कळप कुणाला द्यायचा हा प्रश्न होता. एक व्हेर्ना, पोटची एकुलती एक. दुसरा ग्लेन, शेजारच्या कुरणाचा मालक, हार्लनच्या भावाचा मुलगा. ग्लेनला कळप आयता हवाच होता. म्हाताऱ्यानं हिवाळ्यात जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं होतं, "यंदाची वेतं व्हेर्ना एकटी सांभाळेल. जूनमध्ये वासरांना डाग देण्याच्या दिवशी मी ठरवीन." व्हेर्ना सहा वर्षांची असल्यापासून या गाईंच्या मागं फिरत होती. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नको होतं.

दुपारी सगळे जेवायला बसले. उकडलेले बटाटे, कालचं मांस आणि काळी कॉफी. व्हेर्नाचा नवरा ड्वेन सरकारी रस्त्यावर खडी सपाट करायचं यंत्र चालवायचा. जेवायला तेवढा घरी यायचा.

"काय रस्तेवाले," हार्लन म्हणाला, "आज किती खडे उचलले?"

"पुष्कळ," ड्वेन म्हणाला. बारा वर्षं हाच प्रश्न, हेच उत्तर.

"हात धुतलेस का? तुझ्या बाजूनं डांबराचा वास येतोय."

ड्वेन उठला आणि धुतलेले हात पुन्हा धुऊन आला. व्हेर्ना ताटात बघत राहिली. म्हातारा आडवा व्हायला आतल्या खोलीत गेला, तेव्हा ड्वेननं हलक्या आवाजात विचारलं, "आज परत एक?"

"परत एक. काळ्याच्या अजून पंचवीसेक राहिल्यात व्यायच्या."

"त्यांना कळलंय का?"

"विचारत होते कुणाची म्हणून. मी सांगितलं."

"मग पुढचं सांगू नकोस. डाग होईपर्यंत तोंड उघडू नकोस, एवढं ऐक माझं."

पुढचं म्हणजे काय, ते त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी हार्लन कंबरेच्या ऑपरेशनसाठी शहरात पडून होता, तेव्हा एक्केचाळीस नंबरची गाय अडली. ती व्हेर्नाच्या आईची गाय. अर्माबाईनं वासरांच्या घोळक्यातून ती स्वतः निवडली होती, तिच्या कानात बिल्ला स्वतः अडकवला होता, आणि पुढच्या हिवाळ्यात स्वतःच गेली होती. नवऱ्याच्या कायद्यासमोर अर्मा कधी बोलली नाही. पण कोंबड्यांच्या खुराड्यात, गवताखाली, तिनं वासरू ओढायची एक साखळी लपवून ठेवली होती, आणि लेकीला ती कशी लावायची ते गुपचूप शिकवलं होतं. त्या दिवशी व्हेर्नानं ती साखळी काढली. वासरू ओढलं, गाय वाचली. कानाचं टोक कापायला सुरी हातात घेतली आणि परत खिशात ठेवली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण ते वासरू होतं गोऱ्हा, आणि निघाला देखणा. वर्षानं हार्लन त्याच्या अंगावरून हात फिरवत म्हणाला, "हा कुणाचा? एक्केचाळीसचा? इतकी वेतं झाली तरी कान साबूत आहे तिचा. हाच वळू ठेवायचा." व्हेर्ना फाटक धरून उभी होती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. नंतर ड्वेन म्हणाला होता की एक वेत अडलं म्हणून काय रक्त नासतं होय? तिनं ते लगेच मानलं, कारण तिला मानायचंच होतं. आता त्या काळ्याच्या लेकी पहिल्यांदा वीत होत्या. बापाचे रुंद खांदे वासरांत उतरले होते आणि पोरींची कंबरेची वाट मात्र अरुंद होती.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर टेकडीमागच्या घळीत आणखी एक पडलेली दिसली. म्हातारा वरच्या बाजूला पिकअपमध्ये बसून होता. डोळ्यांना दुर्बीण लावली होती, ती सवयीनं. व्हेर्नानं घोडं घळीत घातलं आणि खोगिराच्या पिशवीतून आईची साखळी काढली.

कालवडीनं मान उचलून तिच्याकडे पाहिलं. "गप पड गं बाई," व्हेर्ना पुटपुटली. तिनं बाही खांद्यापर्यंत गुंडाळली, बाटलीतलं साबणाचं पाणी हातावर ओतलं आणि वासराच्या पुढच्या पायांत, खुराच्या वरच्या सांध्यावर, साखळीचे वेढे टाकले. मग वाळूत बसली, दोन्ही बूट कालवडीच्या पुठ्ठ्यांना टेकवले आणि कळ यायची वाट बघितली. कळ आली की ओढायचं, गेली की सोडायचं. आईनं असंच शिकवलं होतं. साखळी तळव्यात रुतली, तिच्या खांद्यातून कट असा आवाज आला. एकदा तर ती स्वतःच ओरडली आणि मग भिऊन वर टेकडीकडे पाहिलं. शेवटी खांदे सुटले आणि पाणी, रक्त, वासरू सगळं एकदम तिच्या मांडीवर आलं.

वासरू हललं नाही. तिनं त्याच्या तोंडातला चिकटा बोटानं काढला, गवताची काडी नाकात घातली. वासरू शिंकलं. कालवड धडपडत उठली, वळली, हुंगली आणि घशातल्या घशात हुंकार देत चाटायला लागली. व्हेर्नाला रडू आलं. रक्तानं माखलेल्या हातांनी तिनं डोळे पुसले, आणि कानाचं टोक तसंच राहू दिलं.

त्या महिन्यात तिनं अशा पुष्कळ ओढल्या. काही घळीत, काही पवनचक्कीच्या टाकीमागं, एक तर म्हातारा पिकअपमध्ये पेंगलेला असताना त्याच्या पाठीमागंच. कोल्ह्यांच्या खड्ड्यात नवीन मढं पडलं नाही.

"बघितलंस?" हार्लन जेवताना म्हणाला. तो खुशीत होता. "तीन कमकुवत होत्या, त्या गेल्या. बाकीच्या आपल्या आपण उठल्या. मधे पडलो असतो तर?"

"हो बाबा," व्हेर्ना म्हणाली. टेबलाखाली तिनं सोललेले तळवे मांडीत दाबून धरले होते.

"तू यंदा बरी वागलीस. तुझ्या आईसारखी चुळबुळ केली नाहीस. तिला दया फार. दयेनं कळप बसतो."

सबंध आयुष्यात त्यानं तिला दिलेली ही पहिली शाबासकी. खोट्या कामाची शाबासकी होती, तरी तिला ती गोड लागली, ही तर अधिकच लाजेची गोष्ट.

जूनमध्ये डाग द्यायचा दिवस उजाडला. आजूबाजूचे लोक घोडी घेऊन आले, बायकांनी कोलाचे, म्हणजे मनुका भरलेले गोड पाव, आणि कॉफीची भांडी आणली, कोंडवाड्यात वासरांचा आणि बाहेर गाईंचा एकच हंबरडा चालू झाला. घोडेस्वार दोर टाकून वासरू मागच्या पायांनी आगीपाशी ओढत आणायचा. एकजण मागचे पाय ताणून धरायचा, दुसरा पुढचा पाय दुमडून मानेवर गुडघा द्यायचा, आणि तापलेला डाग कातडीवर टेकायचा. केसांचा पिवळा धूर सगळ्यांच्या घशात बसला होता. हार्लन पालथ्या बादलीवर बसून होता. एवढं एक काम तो अजून करायचा. वासराचा पुढचा पाय धरायचा.

"काका, बसा जरा सावलीला," ग्लेन म्हणाला. "आम्ही आहोत की."

"तू आहेस ते मला माहीत आहे," हार्लन म्हणाला. "माझ्या मरणावर टपूनच आहेस."

लोक हसले. ग्लेनही हसला, आणि कानापर्यंत लाल झाला.

कितव्या तरी वासराच्या वेळी हार्लनचा हात थांबला. त्याचा अंगठा वासराच्या पायावर, खुराच्या वरच्या सांध्याभोवती, सावकाश फिरला. डाग देणारा लोखंड धरून ताटकळला.

"व्हेर्ना," म्हातारा म्हणाला, "इथले केस कुठं गेले?"

"तार लागली असेल."

"हं." त्यानं पाय सोडला. "याची आई कोण?"

"काळ्याची एक आहे."

थोड्या वेळानं दुसरं वासरू आलं आणि त्याचा अंगठा परत फिरला. मग त्यानं दुसरा पायही मागितला. तोही चाचपला.

"यालापण तार लागली?"

व्हेर्ना आगीत लाकूड सरकवायला वाकली.

"दोन्ही पायांना, गोल, एकाच जागी. तार फार हुशार झालीय आपली."

आता कुणी हसलं नाही. घोडेस्वार दोर गुंडाळत उगाच घोडी मागं घेऊ लागले. ग्लेन आपल्या बुटांकडे बघत होता. हार्लन बादलीवरून उठला नाही. डोळे आगीकडे लावून, हिशेब जुळवत असल्यासारखा हळूहळू बोलत राहिला.

"सगळ्या काळ्याच्या पोरी. म्हणजे खोट काळ्यात. काळा एक्केचाळीसचा. एक्केचाळीसचा कान साबूत आहे, मी हातानं बघितलाय. काळा जन्मला तेव्हा मी कुठं होतो?" तो थांबला. "दवाखान्यात होतो मी. इथं कोण होतं?"

"मी होते," व्हेर्ना म्हणाली.

"साखळी कुणाची?"

"आईची."

म्हाताऱ्यानं खिशातून सुरी काढली आणि मुठीकडून तिच्यासमोर धरली.

"मंडळी, जेवून घ्या," तो म्हणाला. "हिचं काम राहिलंय, ते करू दे हिला."

पण जेवायला कुणाचा पाय निघेना. सगळे कुंपणाला टेकून बघत राहिले, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत व्हेर्नानं कान कापायला सुरुवात केली. ड्वेन एकेक कालवड खोड्यात घालायचा, मान अडकवायचा, आणि ती डाव्या कानाचं टोक मुठीत धरून सुरी ओढायची. जनावर डोकं झटकायचं, रक्ताचे शिंतोडे तिच्या तोंडावर उडायचे. ज्यांना तिनं वाचवलं होतं त्या सगळ्या एकामागून एक आल्या. घळीतली पहिली तर खोड्यात शिरताना तिचा हात हुंगून गेली.

"बाबा, यांच्यातल्या दोघी आपल्या आपण व्याल्यात. त्यांना मी हात नाही लावला."

"कुठल्या दोघी? तुझ्या शब्दावर ठरवू?"

त्या दोघींचेही कान गेले. मग काळा वळू आला. सर्वात शेवटी एक्केचाळीस. म्हातारी गाय न हाकता खोड्यात येऊन उभी राहिली.

"ही राहू दे," व्हेर्ना म्हणाली. "आईची म्हणून तेवढी."

"आईची म्हणूनच तर."

व्हेर्नानं सुरी ओढली. तिच्या आत काहीतरी तुटून पडलं होतं आणि त्याचं दुखणंही बंद झालं होतं.

हार्लननं पानगळीची वाट बघितली नाही. ट्रक दुसऱ्याच दिवशी सकाळी बोलावला. ग्लेनही आला होता, न बोलावता.

"काका, मग कळपाचं काय ठरलं?"

"तू पानगळीत ये कालवडी बघायला. टोपी काढून ये, बाकीच्या गिऱ्हाइकांसारखा."

ग्लेन समजला काय समजायचं ते आणि गाडी वळवून गेला. कान कापलेल्या गाई आणि त्यांची वासरं फळीवरून खडखडत ट्रकमध्ये चढली. एक्केचाळीसला चढवेना. ट्रकवाल्यानं तिच्या मागं काठी टोचली तेव्हा ती फिरली, फाटकाला धडकली, आणि फाटकाचा लोखंडी दांडा हार्लनच्या कंबरेवर बसला. म्हातारा शेणात आडवा झाला. ट्रकवाल्यानं घाईघाईनं गाय आत कोंबली, दार लावलं, आणि आपल्याला काही दिसलंच नाही अशा बेतानं गाडी काढली.

धूळ खाली बसली. हार्लननं कोपरावर उठायचा प्रयत्न केला आणि परत पडला. त्याचा एक पाय वेडावाकडा पसरला होता.

"व्हेर्ना," तो म्हणाला. "हात दे."

ड्वेन धावला. व्हेर्नानं त्याच्या दंडाला धरून त्याला जागच्या जागी थांबवलं.

"सोड मला," ड्वेन म्हणाला. "त्यांचं हाड मोडलं असेल."

"पाठ फिरव."

"वेड लागलंय का तुला? बाप आहे तुझा."

"आपण बघत राहिलो की ते पडून राहतील," व्हेर्ना म्हणाली आणि तिनं पाठ फिरवली. पवनचक्की सावकाश फिरत होती. तिच्या हातात दोर होता, तो ती नीट, एकावर एक वेढा बसवत, गुंडाळायला लागली.

मागून घसटल्याचा आवाज आला. मग धाप. मग बुटाची टाच मातीत फरफटल्याचा. म्हातारा एकदा कण्हला, अगदी त्या कालवडीसारखा, आणि ड्वेननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. व्हेर्ना वळली नाही. बराच वेळ गेला. फळी करकरली, कुंपणाच्या खांबावर नखं घासली, आणि शेवटी माणूस उभा राहिल्यावर सोडतो तसा श्वास ऐकू आला.

ती वळली. हार्लन खांबाला मिठी मारून उभा होता. हनुवटीपर्यंत शेण लागलेलं, ओठ फुटलेला, पाय जमिनीवर टेकत नव्हता. आणि तो हसत होता. इतक्या वर्षांत त्याला असं खुशीनं हसताना तिनं पाहिलंच नव्हतं.

"सोमवारी वकिलाकडे जायचं," तो धापा टाकत म्हणाला. "कळप तुझ्या नावावर करतो. आता शोभलीस माझी."

व्हेर्नानं मान डोलावली. सहा वर्षांची असल्यापासून ज्याची वाट बघितली ते मिळालं होतं, आणि तिला काहीच वाटत नव्हतं. तिनं गुंडाळलेला दोर पिकअपमध्ये जागच्या जागी ठेवला, स्टिअरिंगवर जाऊन बसली आणि इंजिन चालू केलं. म्हातारा कुंपणाला धरत, एका पायावर उड्या मारत गाडीपर्यंत आला. दार त्यानं स्वतःच उघडलं.

"ड्वेन, बस," ती म्हणाली.

ड्वेननं तिच्याकडे पाहिलं. मग टोपी डोक्यावर ओढून तो रस्त्याच्या दिशेनं चालायला लागला. घराच्या नव्हे, मोठ्या रस्त्याच्या. तो टेकडीमागं जाईपर्यंत आरशात दिसत होता, पण व्हेर्नानं आरशात पाहिलं नाही.